अकरा कार्डं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत कारकून आहे. 2024 सालच्या वेतन करारापासून आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायचं ठरलंय, पण खिडकीपलीकडून येणारी हाक अजून 'ओ भाऊ' अशीच आहे. या नोकरीत माणूस एक गोष्ट पक्की शिकतो, ती म्हणजे कोणावर विश्वास ठेवायचा नाही. सख्खा मेहुणा चेक घेऊन आला तरी मी आधी सही नमुन्याशी ताडून पाहतो, मग तारीख पाहतो, आकडा आणि अक्षर जुळतं का ते पाहतो, आणि सगळं जुळलं तरच मेहुण्याकडे पाहतो. पाचशेची नोट उजेडात धरल्याशिवाय गल्ल्यात टाकत नाही. (आमची सौ. म्हणते, मला बघायला आला होतात तेव्हाही मला खिडकीपाशीच बसवलं होतं. तो निव्वळ योगायोग होता.)

आता गंमत पाहा. असा हा महासंशयी प्राणी संध्याकाळी घरी येतो, चहा घेतो, मोबाईल उघडतो, आणि कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठलं आहे, काही न पाहता समोर येईल ते चाळीस जणांकडे ढकलून देतो. दिवसभरात दहा रुपयांचा हिशेब चुकला तर घरी न जाणारा मी, मूत्रपिंड, मधुमेह आणि जगाचा अंत या विषयांवर इतका उदार कसा होतो, हे मला कळत नाही.

हा रोग मोबाईलनं आणला असं म्हणायची पद्धत आहे. मी कॉमर्सचा विद्यार्थी. इतिहासाशी माझा संबंध दहावीपर्यंत सनावळ्या चुकवण्यापुरता. पण या एका बाबतीत जुन्या खातेवह्या थोड्या चाळल्या, तर खातं फार जुनं निघालं.

1857 सालच्या सुरुवातीची गोष्ट. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल कचेरीत आला, तर टेबलावर चार जाडसर चपात्या. साहेबानं चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. रात्री एका गावचा चौकीदार धावत शेजारच्या गावी येतो, तिथल्या चौकीदाराच्या हातात चपाती देतो आणि सांगतो, अशाच आणखी भाजा आणि पुढच्या गावांना पोचवा. का? ते त्याला ठाऊक नाही. कोणी सांगितलं? मागच्या गावच्या चौकीदारानं. चपातीत चिठ्ठी नाही, खूण नाही, मीठ असेल-नसेल. तरी एका रात्रीत दीडशे-दोनशे मैलांचा पल्ला ती गाठायची, म्हणजे सरकारी टपालापेक्षा जोरात. इंग्रजांना वाटलं बंडाचा कट आहे. लोकांना वाटलं सरकारच पाठवतंय, पिठात हाडांची पूड घालून धर्म बुडवायला. निमाडात चपात्या आल्या त्या इंदूरच्या बाजूनं, आणि इंदुरात तेव्हा पटकी होती. म्हणून कोणी म्हणे रोग पुढच्या गावी ढकलायचा हा तोडगा आहे. ती पहिली चपाती कोणी भाजली यावर इतिहासकारांचं आजतागायत एकमत नाही.

मला त्यातला चौकीदार फार जवळचा वाटतो. मध्यरात्री दार वाजतं, समोर दमलेला माणूस, हातात चपाती. हा बिचारा विचार करतो : पाठवली तर एक शेर पीठ जाईल. नाही पाठवली आणि उद्या गावात काही झालं तर? शेरभर पिठात सुटका होत असेल तर कोण वाद घालत बसतो! बायकोला उठवतो, चूल पेटवायला लावतो. पुढची सगळी साखळी या एका वाक्यावर चालते : 'उद्या काही झालं तर?'

त्याच वर्षी आपले वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले होते. महूच्या आसपास त्यांना शिपाई भेटले आणि इंग्रजांनी हिंदूंचा धर्म बुडवण्यासाठी म्हणे चौऱ्याऐंशी कलमांची यादी काढली आहे, ही बातमी त्यांच्या कानी पडली. भटजींनी ती मनात जपून ठेवली आणि म्हातारपणी 'माझा प्रवास' लिहिताना कागदावर उतरवली. पुस्तक 1907 साली छापून निघालं. म्हणजे पन्नास वर्षांनी ती यादी पुन्हा पुढे गेली, आणि आज मी ती तुमच्याकडे पाठवतोय. अशा चीजा मरत नाहीत.

चपातीला एकच खोट होती, ती शिळी व्हायची. ती खोट 1879 साली सरकारनंच काढून टाकली. त्या वर्षी 1 जुलैला हिंदुस्थानात पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. पाव आण्यात मजकूरही जायचा आणि भीतीही. पुढे 1935 च्या वसंतात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एका पत्रानं धुमाकूळ घातला. यादीत सहा नावं. पहिल्या नावाला दहा सेंट पाठवा, ते नाव खोडा, खाली स्वतःचं लिहा, पाच नकला करून पाच जणांना धाडा. साखळी तुटली नाही तर तुम्हाला पंधराशे बासष्ट डॉलर पन्नास सेंट मिळतील! हिशेबात चूक नाही, मी करून पाहिला. चूक फक्त 'तुटली नाही तर' या तीन शब्दांत होती. डेन्व्हरच्या पोस्टात पत्रांचे असे ढीग साचले की ती गावात मावेनात, आणि मग ती साखळी देशभर पसरली.

आमच्या घरी ही साखळी 1989-90 च्या सुमारास पोचली. मी तेव्हा दारव्हा तालुक्यातल्या एका गावात चौथी-पाचवीत असेन. एक पिवळं कार्ड आलं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. मजकूर वाचकांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना पाठ असेल. अमक्या देवस्थानी सर्प प्रकट झाला, त्यानं अमुक सांगितलं, एकानं पत्रं लिहिली त्याला लॉटरी लागली, दुसऱ्यानं कार्ड फाडलं त्याचं घर बसलं. तरी अकरा दिवसांत अकरा कार्डं लिहा.

बाबा खरेदी-विक्री संघात कारकून होते. (आमच्या घराण्यात कारकुनी वंशपरंपरागत आहे, मधुमेहासारखी.) त्यांनी कार्ड वाचलं, त्याच्या कोऱ्या जागेवर दूधवाल्याचा हिशेब मांडला आणि ते तारेला टोचून ठेवलं. आई मात्र दोन दिवस त्या तारेकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी बाबा संघात गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"अकरा कार्डांचे होतेत किती?"

पंधरा पैशाला एक. "एक रुपया पासष्ट."

"एवढ्यासाठी घरादारावर काहून संकट घ्याचं? तुह्यं अक्षर चांगलं हाय. लिहून टाक."

हा व्यवहार हिशेबाच्या दृष्टीनं अगदी निर्दोष आहे, हे मी बी. कॉम. झाल्यावर सांगू शकतो. एक रुपया पासष्ट पैशांचा हप्ता आणि त्यात नवरा, मुलं, म्हैस आणि कौलारू छप्पर असा सगळ्यांचा विमा! अशी पॉलिसी कोणती कंपनी देते?

लिहायला बसलो तेव्हा अडचण आली. अकरा पत्ते आणायचे कुठून? मामा, मावशी, दिग्रसची आत्या, पुसदचे काका, असे ओढूनताणून दहा झाले. अकरावं कार्ड मी, दुसरा पत्ता पाठ नसल्यामुळे, आमच्या गणिताच्या मास्तरांना पाठवलं. परिणाम दोन झाले. पंधरा दिवसांत आमच्याच घरी आणखी तीन कार्डं येऊन पडली, कारण मामाला आमच्याखेरीज कोणाचा पत्ता ठाऊक होता? आणि दुसरं म्हणजे मास्तरांनी अक्षर ओळखलं.

"काय बे, मले भेव दाखवतं का? ये फळ्यावर."

मला वाटलं छडी बसणार. पण मास्तरांनी खडू हातात दिला आणि म्हणाले, एकानं अकरांना लिहिलं. त्या अकरांनी प्रत्येकी अकरांना. गुणत जा. मी गुणत गेलो. एकशे एकवीस, तेराशे एकतीस, चौदा हजार सहाशे एकेचाळीस. सहाव्या फेरीला 17,71,561. सातव्या फेरीला 1,94,87,171. नवव्या फेरीला फळा संपला आणि मी भिंतीवर लिहू लागलो, तेव्हा मास्तरांनी खडू काढून घेतला. 2011 च्या खानेसुमारीत आमच्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या 27,72,348 भरली. म्हणजे सातव्या फेरीला जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या पोरासकट, सात-सात कार्डं. नवव्या फेरीला 235 कोटी, आणि सबंध देशात माणसं 121 कोटी. एका फेरीला अकरा दिवस धरले तर हे सगळं शंभर दिवसांच्या आत!

"आता सांग," मास्तर म्हणाले, "आपून सारे जिते कसे?"

त्याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सुचलं. आपण जिवंत आहोत, कारण बहुतेकांनी ते कार्ड फाडलं. फाडणाऱ्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, एवढंच. ज्याला लॉटरी लागली त्याची कथा पुढे जाते. ज्यानं फाडलं आणि ज्याचं काहीच झालं नाही, त्याची कथा कोण सांगणार, त्यात सांगण्यासारखं काय आहे?

पैशाच्या साखळ्यांवर सरकारनं 1978 सालीच कायद्यानं बंदी घातली. देवाच्या आणि भीतीच्या साखळ्यांसाठी कायदा निघाला नाही. त्या आपापल्या जोरावर चालू राहिल्या. 11 जुलै 1979 ला स्कायलॅब पडायचं होतं, तेव्हा तर जगच बुडणार म्हणून बोलबाला. बाबा सांगायचे, संघाचा एक थकबाकीदार आठ दिवस आधी येऊन म्हणाला, हप्ता बारा तारखेला पाहू. स्कायलॅब हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाचा पश्चिम भाग यांत वाटून पडलं. तो गृहस्थ बारा तारखेलाही आला नाही.

मग 21 सप्टेंबर 1995, गुरुवार. त्या दिवशी गणपती दूध प्याला. पहाटे दिल्लीकडे सुरू झालं आणि दुपारच्या आत, मोबाईलचं नावही ऐकलेलं नसताना, नुसत्या टेलिफोनवर आणि तोंडी ते आमच्या गावात पोचलं. पितृपक्ष चालू होता. गणपतीचं विसर्जन होऊन दोन आठवडे झाले होते. त्याला यायचंच होतं तर तो मोदकांच्या वेळी का नाही आला, हा प्रश्न कोणाला पडला नाही. मीही रांगेत उभा होतो. चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच कमी झालं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

बाबांनी घरी येऊन पाट्यावरचा वरवंटा उभा केला, चमचा टेकवला. वरवंटाही दूध प्याला. पृष्ठताण, केशाकर्षण वगैरे शब्द दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले. सरकारी शास्त्रज्ञांनी रंगीत दूध पाजून ते मूर्तीवरून खाली कसं ओघळतं तेही दाखवलं. पण आईनं बाबांना तिथल्या तिथे गप्प केलं होतं. "वरवंट्यातही देव हाय म्हना ना. पोराच्या बारशाले पाळण्यात पहिले त्यालेच निजवला होता." यावर शास्त्रज्ञ काय बोलणार?

इथवर कोणाचं फारसं बिघडलं नव्हतं. पीठ गेलं, कार्डं गेली, दूध गेलं. पुढे मात्र हिशेब बदलतो.

2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली तेव्हा दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी वरून दिसते, असं घरोघर पोचलं. लोक माझ्या खिडकीशी येऊन नोट कानाला लावत. 2023 मध्ये ती नोट मागे घेतली आणि अजूनही काही नोटा परतलेल्या नाहीत. चिप असती तर रिझर्व्ह बँकेनं जाऊन उचलून आणल्या नसत्या का?

पण खरी ददात दहाच्या नाण्यानं केली. दहा रेघांचं नाणं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, असं कोणीतरी कुठंतरी लिहिलं आणि आमच्याकडे बाजारानं नाणंच घ्यायचं सोडलं. 20 नोव्हेंबर 2016 ला रिझर्व्ह बँकेनं खुलासा केला. 17 जानेवारी 2018 ला पुन्हा केला : चौदा नक्षींची नाणी काढली आहेत, सगळी चालतात. मग 14440 हा नंबर काढला, त्यावर नाण्याची खात्री करून घ्या म्हणून. देशाची मध्यवर्ती बँक टेलिफोनवर गयावया करते आहे आणि आमचा भाजीवाला ऐकायला तयार नाही, असा तो देखावा होता.

एकदा बाजाराच्या दिवशी एक म्हातारी खिडकीशी आली. पदराच्या गाठीत दहाची चौऱ्याऐंशी नाणी. किराणावाल्यानं घेतली नाहीत, ऑटोवाल्यानं घेतली नाहीत, आदल्या दिवशी दुसऱ्या एका बँकेत 'उद्या या' म्हणाले. कायद्यानं हजार रुपयांपर्यंत नाणी नाकारता येत नाहीत. मी मोजून घेतली, पावती दिली, वर तिला दोन मिनिटं व्याख्यान दिलं की बाई, असल्या अफवांवर विश्वास ठेवू नका. मागच्या लोकांनी माना डोलावल्या. फार बरं वाटलं. संध्याकाळी पानवाल्यानं सुट्टे म्हणून दहाचं नाणं पुढे केलं तर माझ्या तोंडून काय निघावं?

"नोट दे ना बे. हे कोणी घेत नाही."

ते खरं आहे असं मला वाटत नव्हतं. पण पुढचा माणूस ते खरं मानतो असं मला वाटत होतं, आणि तेवढ्यानं नाणं खोटं होतं.

आता माझं स्वतःचं खातं. 2018 च्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची बातमी सगळीकडे फिरत होती. सोबत एक चित्रफीत, मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यातून पोर उचलून नेतात. ती पाकिस्तानातल्या कराचीत लोकांना सावध करण्यासाठी केलेल्या फिल्ममधली होती. शेवटी ते दोघे पोर परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. हे सगळं नंतर कळलं. त्या रात्री माझी मुलगी शेजारी झोपली होती. 'उद्या काही झालं तर?' मी ती घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी काळजी घ्या.' पाठवायला कार्डाचे पंधरा पैसेही लागले नाहीत.

गावाकडच्या चुलतभावानं ती गावच्या ग्रुपवर टाकली. त्यानंही एक ओळ लिहिली : 'बँकेतल्या भाऊनं पाठवली आहे.'

चार दिवसांनी, मृग लागला होता, गावात बहुरूपी आला. दरवर्षी येतो. पोलिसाचा वेष, हातात खोटं वॉरंट, 'चला, लग्नाला चला' म्हणत दारोदार फिरतो, पोरं मागे. त्या दिवशी पोरं मागे लागली आणि चाळीस माणसं आली. एकाच्या हातात फोन, बाकीच्यांच्या हातात काय होतं ते चुलतभाऊ आजही नीट सांगत नाही. बहुरूपी सांगत होता मी बहुरूपी आहे, आणि वेष पोलिसाचा. कोण ऐकतं? तेवढ्यात आमची मोठी आई ओट्यावरून उतरली आणि ओरडली, "सोडा बे त्याले! याच्या बापानं माह्या लग्नात वॉरंट काढलं होतं!" म्हातारीचा आवाज मोठा आहे. सोडलं. ओट्यावर बसवून चहा दिला, तो निम्मा बशीबाहेर सांडला म्हणतात.

मला हे फोनवर हसत हसत सांगितलं गेलं आणि मीही हसलो. मग 1 जुलै आली. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, आठवडी बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. मंगळवेढ्याकडून पोट भरायला फिरत आलेली माणसं. तिथे ओट्यावरून उतरायला कोणाची मोठी आई नव्हती.

त्या महिन्यात पुढे पाठवायची मर्यादा पाच जणांवर आणली गेली. पाच म्हणजे सुद्धा डेन्व्हरचाच आकडा, हे माझ्या लक्षात आलं, पण कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

आमच्याकडे 1881 चा एक कायदा आहे, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. बी. कॉम.ला तो पाठ करावा लागतो. चेकच्या पाठीमागे सही करून तुम्ही तो पुढे दिलात की तुम्हीही बांधले जाता. चेक वटला नाही तर पुढचा माणूस तुम्हाला धरू शकतो. पळवाट एकच. सहीसोबत 'सॅन्स रिकोर्स' लिहायचं, म्हणजे माझ्याकडे परत येऊ नका. आपण लिहितो ना, 'जसं आलं तसं पाठवलं'? तेच ते. खिडकीवर असा चेक आला तर मी तो दोनदा उलटून पाहतो, कारण ज्यानं हे लिहिलं त्याचा स्वतःचाच त्यावर भरवसा नाही. आणि मी तर तेही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं 'काळजी घ्या', आणि चुलतभावानं त्याखाली माझ्या नोकरीची सही ठोकली होती.

पुढच्या वर्षी मी गावी होतो तेव्हा बहुरूपी आला. पोलिसाचा वेष नव्हता, साधा शर्ट-पायजमा. गळ्यात दोरीला लॅमिनेट केलेलं आधार कार्ड. दारात उभा राहून आधी ते पुढे करायचा, मग बोलायचा. आयुष्यभर दुसरा कोणी दिसण्यावर ज्याचं पोट, तो आता मी मीच आहे हे दाखवत फिरत होता. मी बँकेत आहे असं कोणीतरी त्याला सांगितलं असावं. त्यानं पिशवीतून आधारची एक झेरॉक्स काढली.

"साहेब, याच्यावर शिक्का मारून द्या ना."

बँकेचा शिक्का असा कुठंही मारता येत नाही, आणि माझ्या सहीला कुठल्याही कायद्यात काडीची किंमत नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं.

"चालते," तो म्हणाला. "या गावात तुमाले ओयखतात."

मी चष्मा लावला. फोटो पाहिला, चेहरा पाहिला, नाव वाचलं, बापाचं नाव विचारलं आणि मोठ्या आईकडून खात्री करून घेतली. मग कागद उलटा केला आणि मागे सही केली. खाली तारीख घातली.